विषहरण करणारे एन्झाइम विष काढतात की घडवतात? आजार, औषधं आणि प्रयोगशाळेतल्या खाचाखोचा

काचनळी (मूळ धागा)

यकृतातल्या ज्या एन्झाइमांना आपण सरसकट 'विषहरण करणारे' म्हणतो, त्यांना विष ओळखता येत नाही. समोर आलेला रेणू तेलकट असला, म्हणजे पाण्यापेक्षा चरबीत जास्त विरघळणारा असला, की तो पाण्यात विरघळेल असा करायचा आणि लघवीच्या किंवा पित्ताच्या वाटेने बाहेर पडू द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. या बदलात रेणू निरुपद्रवी झाला तर आपण त्याला विषहरण म्हणतो. जहाल झाला तरी एन्झाइमाच्या लेखी काम तेच.

पहिली पायरी बहुतेक वेळा सायटोक्रोम पी४५० (थोडक्यात सीवायपी) या कुळाची. माणसात या कुळाची ५७ कार्यरत जनुकं आहेत, पण औषधांचा भार मुख्यतः पाच-सहा जणांवर पडतो: सीवायपी३ए४, २डी६, २सी९, २सी१९, १ए२ आणि काही अंशी २ई१. हे रेणूवर ऑक्सिजन बसवतात किंवा एखादा झाकलेला गट उघडा करतात. दुसरी पायरी त्या जागी ग्लुक्युरोनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन जोडते. मग वाहक प्रथिनं तो जोड पेशीबाहेर टाकतात.

माझ्या मते या विषयाचं मर्म दोन पायऱ्यांच्या वेगातल्या तफावतीत आहे. पहिली पायरी जोरात आणि दुसरी मंद असली की मधला रेणू साठतो, आणि पुष्कळदा तो मूळ रेणूपेक्षा वाईट असतो.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण पॅरासिटामॉलचं. नेहमीच्या डोसचा सुमारे ९० टक्के भाग थेट दुसऱ्या पायरीवर जातो आणि ग्लुक्युरोनाइड किंवा सल्फेट होऊन बाहेर पडतो. साधारण ५ ते १० टक्के भाग सीवायपी२ई१ कडे वळतो आणि एनएपीक्यूआय नावाचा अतिशय चिकट रेणू बनतो. ग्लुटाथायोन त्याला तिथल्या तिथे पकडतं. डोस भरमसाट झाला की सल्फेटचा साठा आधी संपतो, जास्त माल २ई१ कडे जातो, ग्लुटाथायोन खर्ची पडत जातं. ते नेहमीच्या ३० टक्क्यांच्या खाली आलं की एनएपीक्यूआय मायटोकाँड्रियाच्या प्रथिनांनाच चिकटतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. रोज दारू पिणाऱ्यात २ई१ वाढलेलं असतं आणि ग्लुटाथायोन कमी. उपाशी किंवा कुपोषित माणसात साठाच तुटपुंजा. तोच डोस एकाला पचतो आणि दुसऱ्याला भोवतो तो यामुळे.

अफ्लाटॉक्सिन बी१ ची गोष्टही याच जातीची. बुरशीने बनवलेला मूळ रेणू डीएनएला चिकटत नाही. सीवायपी३ए४ आणि १ए२ त्याचा एपॉक्साइड, म्हणजे फार क्रियाशील रेणू, करतात आणि तो डीएनएतल्या गुआनिनला चिकटतो. उंदराच्या (माउसच्या) यकृतातलं ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हा एपॉक्साइड झपाट्याने गिळतं, म्हणून प्रौढ उंदीर बऱ्यापैकी वाचतो. माणसाचं हे एन्झाइम या कामात फार कमकुवत आहे. प्राण्यांवरच्या चाचण्या वाचताना हे उदाहरण कायम डोक्यात असावं.

धाग्यात आजार, जनुकं, प्रयोगशाळा, औषधनिर्मिती सगळं येऊ द्या. आकडे आणि कारणांसह लिहाल तर उत्तम.

तिसरी_पाळी

पॅरासिटामॉलच्या विषबाधेत प्रत्यक्ष काय करतात ते लिहिते, कारण चुका ठरलेल्या जागी होतात.

गोळ्या एकाच वेळी घेतल्या असतील आणि वेळ नक्की माहीत असेल तरच आलेख (रक्तातली पातळी विरुद्ध गोळ्या घेतल्यापासूनचे तास) वापरायचा. नमुना ४ तासांनंतरचा हवा. त्याआधी औषध शोषलं जात असतं, त्यामुळे २ तासांच्या आकड्यावरून 'ठीक आहे' म्हणता येत नाही. ४ तासांना दर मिलिलिटरमागे १५० मायक्रोग्रॅम ही उपचाराची रेषा. ती दर ४ तासांनी निम्मी होते, म्हणजे ८ तासांना ७५. ब्रिटनने २०१२ पासून ४ तासांना १०० ही रेषा धरली. थोडं थोडं करून दिवसभरात घेतलं असेल तर आलेख बाजूला ठेवायचा. एकूण डोस आणि एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) पाहून निर्णय घ्यायचा.

एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन शिरेतून: पहिल्या तासात दर किलोला १५० मिलिग्रॅम, पुढच्या ४ तासांत ५०, त्यापुढच्या १६ तासांत १००. एकूण २१ तासांत किलोमागे ३००. पहिल्या ८ तासांत सुरू झालं तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं. त्रास होतो तो पहिल्या वेगवान बाटलीत: चेहरा लाल होणं, गांधी उठणं, कधी छातीत घरघर. ही खरी अ‍ॅलर्जी नसते. ठिबक थांबवायचं, अँटिहिस्टामाइन द्यायचं आणि कमी वेगाने परत सुरू करायचं. 'रिअ‍ॅक्शन आली' म्हणून औषध कायमचं बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

दुसरी चूक घड्याळाकडे पाहून थांबण्याची. २१ तास झाले तरी पॅरासिटामॉल रक्तात सापडत असेल किंवा एएलटी चढत असेल तर शेवटच्या वेगाने पुढे चालू ठेवायचं. पहिले २४ तास रुग्ण अगदी ठणठणीत दिसतो. एएलटी त्यानंतर उसळतं.

काचनळी

नेमकं. यातच एक उत्तर दडलंय: थेट ग्लुटाथायोन का देत नाहीत? तो तीन अमिनो आम्लांचा रेणू आहे आणि पेशी तो अख्खा आत घेत नाही. पेशीला टंचाई असते ती सिस्टीनची. अ‍ॅसिटिलसिस्टीन आत जाऊन सिस्टीन पुरवतं, ग्लुटाथायोन पेशी स्वतः बांधते.

तिसरी_पाळी

याच्या उलट जातीचा उपचार मेथॅनॉलचा. मेथॅनॉलने नशा येते, पण डोळे जातात ते फॉर्मिक आम्लाने, आणि ते घडवायला सुरुवात करतं अल्कोहोल डीहायड्रोजनेज. म्हणून इथे 'विषहरण' बंदच पाडायचं असतं. ते रोखणारं औषध फोमेपिझोल: पहिला डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, मग दर १२ तासांनी १० चे चार डोस, पुढे परत १५. डायलिसिस चालू असेल तर औषधही धुतलं जातं, म्हणून दर ४ तासांनी द्यावं लागतं. हे विसरलं की डायलिसिस चालू असतानाच एन्झाइम परत मोकळं होतं.

गुणसूत्र_४६

जनुकांबद्दल लिहितो. यादी मोठी आहे, पण ज्यांच्यामुळे डोस खरोखर बदलतो अशी थोडीच.

टीपीएमटी. ६-मर्कॅप्टोप्युरिन आणि अझाथायोप्रिन (रक्ताच्या कर्करोगात आणि प्रतिकारशक्ती दाबायला वापरायची औषधं) या एन्झाइमाने निष्प्रभ होतात. युरोपीय वंशात सुमारे ३०० त एकाला हे एन्झाइम जवळजवळ नसतंच. त्याला नेहमीचा डोस दिला तर अस्थिमज्जा बसते. रक्ताच्या कर्करोगात अशा रुग्णाला दहावा हिस्सा डोस, तोही रोज न देता आठवड्यातून तीनदा. इथे एक सापळा आहे: लाल पेशीतली एन्झाइमची क्रिया मोजली आणि रुग्णाला अलीकडे रक्त चढवलेलं असेल, तर तुम्ही रक्तदात्याचं एन्झाइम मोजत असता. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. अशा वेळी जनुकचाचणीच करावी.

टीपीएमटी उत्तम असूनही पांढऱ्या पेशी कोसळतात, तेव्हा एनयूडीटी१५ हे जनुक पाहावं. २०१४ मध्ये कोरियातल्या क्रोन्सच्या (आतड्याच्या दाहक आजाराच्या) रुग्णांत त्याचा उलगडा झाला. आशियाई लोकांत टीपीएमटीपेक्षा हाच जास्त वेळा दोषी असतो. आणि सोबत अ‍ॅलोप्युरिनॉल असेल तर जनुकं कशीही असोत, अझाथायोप्रिन तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आणावं लागतं, कारण दुसरी वाट, झँथिन ऑक्सिडेज, तुम्हीच बंद केलेली असते.

डीपीडी. ५-फ्लुरोयुरॅसिल या किमोच्या औषधाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग हे एन्झाइम मोडतं. कॅपेसिटाबिन म्हणजे गोळीच्या रूपातलं तेच. युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये उपचाराआधी चाचणीची शिफारस केली. जनुकचाचणी किंवा रक्तातलं युरॅसिल (तेही डीपीडीच मोडतं), दोन्ही चालतात, पण युरॅसिलचा नमुना नाजूक: नळी खोलीच्या तापमानाला पडून राहिली तर रक्तपेशींतून युरॅसिल वाढत जातं आणि निरोगी माणूस 'कमतरता' म्हणून नोंदवला जातो. दीड तासाच्या आत सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा. मूत्रपिंड बिघडलं असेल तरी आकडा खोटा चढतो.

डोस जास्त झालाच तर युरिडिन ट्रायअ‍ॅसिटेट: १० ग्रॅम दर ६ तासांनी, २० डोस, शेवटच्या किमोनंतर ९६ तासांच्या आत सुरू.

यूजीटी१ए१, म्हणजे ग्लुक्युरोनिक आम्ल जोडणाऱ्या यूजीटी कुळातलं एक. जनुकाच्या प्रवर्तकात 'टीए' ही जोडी सहाऐवजी सात वेळा आली की एन्झाइम कमी बनतं. दोन्ही प्रती तशा असतील तर गिल्बर्ट सिंड्रोम, म्हणजे उपवासात किंवा तापात डोळे किंचित पिवळे होणं, बाकी काही नाही. पण याच माणसाला इरिनोटेकन हे किमोचं औषध दिलं की त्याचा सक्रिय रेणू एसएन-३८ अडकून पडतो. जो बाहेर पडतो त्यावरचा ग्लुक्युरोनाइड आतड्यातले जिवाणू परत तोडतात, म्हणून उशिरा येणारे जुलाब इतके भयंकर असतात.

अनुस्वार

फार छान चर्चा. एक शंका: जनुकचाचणी 'नॉर्मल' आली म्हणजे डोसची काळजी मिटली का?

गुणसूत्र_४६

नाही, अनुस्वार. जनुक सांगतं एन्झाइम किती बनू शकतं. आज ते किती चालतंय हे सोबतची औषधं, ताप आणि सवयी ठरवतात.

२डी६ घ्या. जनुकाने उत्तम असलेला माणूस पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन (नैराश्यावरची औषधं) घेत असेल तर प्रत्यक्षात तो २डी६ नसल्यासारखा वागतो. कोडीनचं मॉर्फिन होत नाही, वेदना थांबत नाही आणि डोस वाढवूनही उपयोग नाही. दुसऱ्या टोकाला जनुकाच्या जादा प्रती असलेले लोक: कोडीनचं मॉर्फिन इतक्या झपाट्याने की लहान मुलांचा श्वास थांबला. म्हणून अमेरिकेत २०१३ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध ठळक इशारा आला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्यांना ते पूर्ण निषिद्ध झालं.

सिगारेट आणि क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) हे तर रोजच्या कामातलं उदाहरण. धुरातले बहुवलयी हायड्रोकार्बन १ए२ वाढवतात. निकोटिन नाही, धूर. माणूस रुग्णालयात भरती झाला, सिगारेट सुटली, निकोटिनची पट्टी लावली. सगळ्यांना वाटतं काही बदललं नाही. पण आठवड्याभरात १ए२ खाली येतं आणि क्लोझापिनची पातळी दीडपट किंवा त्याहून वर जाते. झोप, लाळ, झटके. सिगारेट सोडायच्या आधी एक पातळी, आठवड्याने दुसरी, आणि डोस टप्प्याटप्प्याने कमी. जोराचा संसर्ग झाला तर सिगारेट चालू असतानाही पातळी चढते, कारण दाहाचा संदेश देणारं इंटरल्यूकिन-६ यकृताला १ए२ बनवू देत नाही.

उतारा

आता औषध बनवणाऱ्यांच्या बाजूने. नवा रेणू हाती आला की पहिला प्रश्न: यकृत याला किती वेगाने मोडेल?

मायक्रोसोम चाचणी. मायक्रोसोम म्हणजे पेशी फोडून वेगळे केलेले पडद्याचे बारीक तुकडे, सीवायपी त्यांतच असतात. मानवी यकृताचे मायक्रोसोम बर्फावर वितळवायचे, परत परत गोठवायचे नाहीत. प्रथिन मिलिलिटरमागे ०.५ मिलिग्रॅम, फॉस्फेट बफर १०० मिलिमोलर, पीएच ७.४, मॅग्नेशियम क्लोराइड ३ ते ५ मिलिमोलर, रेणू १ मायक्रोमोलर. ३७ अंशांवर ५ मिनिटं गरम करून मग एनएडीपीएच (सीवायपीला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) १ मिलिमोलर टाकायचं. घड्याळ तिथून सुरू. ०, ५, १५, ३० आणि ६० मिनिटांना थोडं काढून बर्फगार अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये थांबवायचं, त्यात अंतर्गत मानक (मोजणी ताडायला घातलेला ठरावीक रेणू) आधीच घातलेलं.

बिघडतं कुठे? डीएमएसओ (रेणू विरघळवायचा द्रव) ०.१ टक्क्याच्या वर गेला की तो स्वतः काही सीवायपींना रोखायला लागतो. आणि एनएडीपीएच नसलेली कुपी न ठेवणं ही अक्षम्य चूक. त्या कुपीतही रेणू घटत असेल तर सीवायपीचा संबंध नाही: एस्टरेज असेल, रेणू पाण्यात फुटत असेल किंवा प्लास्टिकला चिकटत असेल.

हिशेब उदाहरणाने. अर्धायुष्य ३० मिनिटं आलं. ०.६९३ भागिले ३०, भागिले ०.५: मिनिटाला मिलिग्रॅम प्रथिनामागे ४६ मायक्रोलिटर. एक ग्रॅम यकृतात साधारण ४० मिलिग्रॅम मायक्रोसोमी प्रथिन, किलो वजनामागे सुमारे २५ ग्रॅम यकृत. गुणाकार केला की मिनिटाला किलोमागे ४६ मिलिलिटर. यकृताचा रक्तप्रवाह २०.७ धरला तर २०.७ गुणिले ४६ भागिले त्यांची बेरीज, म्हणजे १४ च्या आसपास. यकृतातून एकदा जाताना सुमारे ७० टक्के औषध गायब. तोंडाने द्यायला अवघड रेणू.

काचनळी

उतारा, हिशेब बरोबर, पण त्यात बांधणी, म्हणजे रेणू प्रथिनांना आणि पडद्यांना किती चिकटून राहतो ते, धरलेली नाही आणि निष्कर्ष त्यावर उलटू शकतो. समजा हा रेणू प्लाझ्मात ९८ टक्के बांधलेला आहे आणि मायक्रोसोममध्ये ५० टक्के. मग ४६ ला ०.०२ ने गुणा, ०.५ ने भागा: १.८४. रक्तप्रवाहाच्या सूत्रात टाकलं की १.७. सत्तर टक्क्यांचे आठ टक्के झाले. जो रेणू तुम्ही टाकून देणार होतात, तोच टिकाऊ निघाला.

उतारा

मान्य. फक्त उलट बाजूही लिहून ठेवतो: फार घट्ट बांधलेल्या रेणूंत हे सूत्र प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा देतं. म्हणून दोन्ही आकडे टिपावेत आणि यकृतपेशींतल्या चाचणीने ताडून पाहावेत.

मायक्रोसोममध्ये न दिसणारी एन्झाइमं हा दुसरा सापळा. अल्डिहाइड ऑक्सिडेज पेशीद्रवात असतं, मायक्रोसोममध्ये नसतं, आणि कुत्र्यात तर ते जवळजवळ नाहीच. एसजीएक्स५२३ हा कर्करोगासाठी मेट किनेज रोखणारा रेणू यात फसला. माणसात या एन्झाइमाने त्याचा क्विनोलिनोन केला, तो पाण्यात विरघळेना, मूत्रपिंडात त्याचे स्फटिक धरले आणि चाचणी थांबली. माकडात हा रेणू बनतो, कुत्र्यात बनत नाही. रेणूत नायट्रोजनयुक्त वलय आणि त्याच्या शेजारी मोकळा कार्बन दिसला की एस९ (मायक्रोसोम आणि पेशीद्रव दोन्ही असलेला यकृताचा अंश) किंवा यकृतपेशी वापरून पाहावंच.

यूजीटीची चाचणी करताना अ‍ॅलामेथिसिन विसरू नका. या एन्झाइमांचा सक्रिय भाग पडद्याच्या आतल्या बाजूला असतो. अ‍ॅलामेथिसिनने पडद्याला भोकं पाडल्याशिवाय यूडीपी-ग्लुक्युरोनिक आम्ल आत पोचत नाही आणि वेग खोटा कमी दिसतो.

एन्झाइम रोखलं जातंय का हे पाहताना एनएडीपीएचसह आणि त्याशिवाय ३० मिनिटं आधी मुरवावं. एनएडीपीएचसह मुरवल्यावर रोध वाढला तर रेणू एन्झाइमाला कायमचा मारतोय असं समजावं. रिटोनाव्हिर ३ए४ ला असंच बंद पाडतं, आणि कोविडच्या गोळ्यांत त्याचा १०० मिलिग्रॅम डोस निरमाट्रेलव्हिर टिकवण्यासाठीच असतो. त्याच वेळी रुग्ण टॅक्रोलिमसवर (अवयव बदलल्यावर द्यायच्या औषधावर) असेल तर त्याचीही पातळी विषारी होते. २०२४ च्या आयसीएच (औषधनियमांची आंतरराष्ट्रीय परिषद) एम१२ मार्गदर्शिकेनुसार एखादं एन्झाइम औषधाच्या निचऱ्याचा २५ टक्के किंवा जास्त वाटा उचलत असेल तर माणसात आंतरक्रिया तपासावी लागते. रोधकामुळे सोबतच्या औषधाचं रक्तातलं एकूण प्रमाण पाचपट किंवा जास्त झालं तर रोधक 'तीव्र'.

हे नियम टर्फेनाडिनसारख्या (अ‍ॅलर्जीवरच्या) औषधांमुळे कडक झाले. ३ए४ त्याला इतकं झपाट्याने मोडायचं की मूळ रेणू रक्तात जेमतेम दिसायचा. ३ए४ रोखणारं किटोकोनाझोल सोबत दिलं की तो साठायचा आणि हृदयाची लय बिघडायची. मोडून जो रेणू बनायचा तो फेक्सोफेनाडिन. १९९६ पासून तोच औषध म्हणून वापरात आहे.

अनुस्वार

मग बाजारातल्या 'डिटॉक्स' कॅप्सूल एन्झाइम वाढवतात असं म्हणतात, त्यात अर्थ आहे का?

काचनळी

वाढवणं शक्य आहे, पण एन्झाइम वाढणं म्हणजे भलं होणं नव्हे. सेंट जॉन्स वर्ट ही नैराश्यावर घेतली जाणारी वनस्पती ३ए४ वाढवते आणि त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या व टॅक्रोलिमस निकामी होतात. दुसऱ्या पायरीची एन्झाइमं एनआरएफ२ या प्रथिनाच्या ताब्यात असतात. त्याला जागवणारं बार्डोक्सोलोन मूत्रपिंडाच्या आजारात तपासलं गेलं आणि २०१२ मध्ये हृदयाची पंपक्षमता खालावण्याचे (हार्ट फेल्युअरचे) प्रकार वाढल्याने चाचणी थांबवावी लागली. त्याच कुळातलं ओमाव्हेलोक्सोलोन मात्र तोल बिघडवणाऱ्या आनुवंशिक फ्रीडरिश अ‍ॅटॅक्सियासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. फुप्फुसाच्या कित्येक कर्करोगांत एनआरएफ२ चा लगाम, म्हणजे कीप१, तुटलेला असतो आणि गाठ याच एन्झाइमांच्या जोरावर किमो पचवते. कुठल्या पेशीत, कशासाठी आणि किती, हे न सांगता 'वाढवा' म्हणणाऱ्या डबीवर विश्वास ठेवू नये.

तिसरी_पाळी

एन्झाइमच औषध म्हणून देतात, ते राहिलं. दोन उदाहरणं, दोन्हींत घोळ प्रयोगशाळेतच होतो.

ग्लुकार्पिडेज मेथोट्रेक्सेट हे किमोचं औषध तोडतं. मूत्रपिंड बसल्याने मेथोट्रेक्सेट अडकलं की किलोमागे ५० युनिट शिरेतून ५ मिनिटांत, एकदाच. ते ल्युकोव्होरिनही (मेथोट्रेक्सेटपासून निरोगी पेशी वाचवणारं औषध) तोडतं, म्हणून ल्युकोव्होरिन त्याच्या २ तास आधी आणि २ तास नंतर द्यायचं नाही. पण बंदही करायचं नाही, कारण ग्लुकार्पिडेज पेशीच्या आत शिरत नाही. पुढचे ४८ तास नेहमीच्या इम्युनोअसेवर (प्रतिपिंडांनी मोजणाऱ्या चाचणीवर) मेथोट्रेक्सेटचा आकडा खोटा जास्त येतो, कारण तुटून बनलेला डीएएमपीए त्या चाचणीला मेथोट्रेक्सेटच वाटतो. क्रोमॅटोग्राफीनेच मोजावं. ती सोय नसेल तर ल्युकोव्होरिनचा डोस आधीच्या पातळीवरून ठरवावा.

रॅसब्युरिकेज युरिक आम्लाचं अ‍ॅलन्टॉइन करतं. माणसात हे एन्झाइम नाही, त्याचं जनुक उत्क्रांतीतच निकामी झालंय. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, रोज, जास्तीत जास्त ५ दिवस. प्रत्येक रेणूमागे हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, म्हणून जी६पीडी (लाल पेशींना अशा माऱ्यापासून वाचवणारं एन्झाइम) कमी असलेल्यांना ते निषिद्ध. मेटहिमोग्लोबिन (ऑक्सिजन न वाहणारं हिमोग्लोबिन) वाढलं आणि सवयीने त्यावरचं औषध मिथिलिन ब्लू दिलं तर त्याच रुग्णाच्या लाल पेशी आणखी फुटतात. जी६पीडीची चाचणी पेशी फुटत असताना केली तर खोटी नॉर्मल येऊ शकते. जुन्या पेशी गेलेल्या असतात आणि नव्या पेशींत एन्झाइम भरपूर असतं.

उतारा

रॅसब्युरिकेज दिल्यावर युरिक आम्लाचा नमुना कसा पाठवायचा?

तिसरी_पाळी

हेपरिनची नळी आधीच थंड करून ठेवायची, रक्त काढलं की लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि ४ तासांच्या आत मोजायचं. साध्या नळीत टेबलावर ठेवलं तर नळीतच एन्झाइम काम करत राहतं. मग अहवालात युरिक आम्ल शून्याजवळ दिसतं आणि रुग्णाच्या रक्तात ते अजून चढलेलंच असतं.

काचनळी

ही ओळ वॉर्डातल्या फ्रिजच्या दारावर लावण्यासारखी आहे. हेच यकृतपेशींच्या नमुन्यांनाही लागू: अ‍ॅसिटोनायट्राइल बर्फगार नसेल तर ० मिनिटांचा बिंदू ० राहत नाही आणि पुढचा सगळा उतार चुकतो.